बोलणाऱ्याची सही

खण ओढला तर येईना. तिनं पुन्हा ओढला, दात-ओठ खाऊन ओढला, तेव्हा तो चार बोटं पुढे आला आणि परत आत गेला... पलीकडून कोणीतरी खेचल्यासारखा.

नोकरीचा पहिला दिवस होता. पहिल्या दिवशी जरा जपून वाग, असं आईनं निघताना बजावलं होतं. पण जपून वागणं हा तिचा प्रांत नव्हता. तिनं एक पाय कपाटाच्या खालच्या फळीला टेकवला आणि होता नव्हता तो जोर लावला. खण धाडकन बाहेर आला, पाच-सहाशे चिठ्ठ्या जमिनीवर पसरल्या, आणि खणाच्या रिकाम्या चौकोनातून एक डोळा तिच्याकडे बघू लागला.

"आधी दोनदा टकटक करायची असते," डोळा म्हणाला.

"कोणी सांगितलं?"

"भिंतीवर लिहिलंय."

"तुमच्या भिंतीवर लिहिलं असेल. माझ्या भिंतीवर कॅलेंडर आहे."

पलीकडे कोणीतरी हसू दाबलं. "एफ किती सांडला?"

"सगळा."

"अरे देवा... हात लावू नका. मी येतो. क्रम चुकला तर चार महिने मागे जाऊ."

तो आला, गुडघ्यांवर बसला, आणि दोघांनी मिळून संध्याकाळपर्यंत इंग्रजीतलं एक अख्खं अक्षर जमिनीवरून गोळा केलं. ओळख व्हायला माणसं काय काय बहाणे शोधतात. यांना तो फुकट मिळाला.

ते कार्यालय शब्दकोशाचं होतं. इंग्रजी शब्द, त्याचं मूळ, त्याचे आपल्या भाषेतले अर्थ, आणि प्रत्येक अर्थाला एक वाक्य. चिठ्ठ्यांचं कपाट दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत बसवलेलं होतं, आणि त्याचे खण दोन्हीकडून उघडत. अलीकडे प्रूफं तपासणाऱ्यांची खोली, पलीकडे शब्दांची मुळं शोधणाऱ्यांची. खण हवा असेल त्यानं दोनदा टकटक करायची, पलीकडून एकदा उत्तर आलं की मगच ओढायचा. इतका साधा नियम तिनं पहिल्याच दिवशी मोडला, म्हणून चहा आणून देणाऱ्या शिपाईकाकांनी तिचं नाव ठेवलं ठिणगी. तो शब्दांची मुळं उकरायचा म्हणून त्याचं नाव आधीपासूनच होतं मुळ्या. पगाराच्या कागदावर दोघांची खरी नावं होती, पण ती तिथेच राहिली.

आणखी एक नियम होता, आणि तोच या गोष्टीत महत्त्वाचा आहे. कोशाचं काम ज्यांनी सुरू केलं त्या पहिल्या संपादकांनी सांगून ठेवलं होतं, की टेबलाशी बसून वाक्य बनवायचं नाही. वाक्य कोणीतरी खरोखर बोललेलं हवं. ते ऐकायचं, हिरव्या चिठ्ठीवर उतरवायचं, तारीख घालायची, आणि खाली उजव्या कोपऱ्यात बोलणाऱ्याची सही घ्यायची. सही नसेल तर चिठ्ठी फाडायची. त्यामुळे तिथली माणसं खिशात हिरव्या चिठ्ठ्या घेऊन हिंडत आणि बसथांब्यावर, दवाखान्यात, लग्नात लोकांच्या तोंडाकडे आशेनं बघत. अशा माणसांना कोणी फारसं घरी बोलवत नाही.

तिसऱ्या महिन्यात तो फेरोशसपाशी अडकला.

"उग्र, हिंस्र, क्रूर, तडफदार... एवढे अर्थ आहेत की," ती खणाच्या चौकोनातून म्हणाली. तोवर त्या चौकोनातून बोलायची सवयच जडली होती. "अडलंय कुठे?"

"मुळाशी. लॅटिनमध्ये फेरुस म्हणजे रानटी, न माणसाळलेलं. त्याला पुढे जे शेपूट लागलंय ना, ते बहुतेकांच्या मते डोळ्याचं. त्यांचा डोळा आणि आपला 'अक्षि' एकाच घरातले. म्हणजे फेरोशस मुळात चावणारा नव्हेच. रानटी दिसणारा, रानटी नजरेचा. पंजा नंतर आला, आधी नजर."

"मग?"

"मग मला नजरेचं वाक्य हवंय. ज्यात कोणी कोणाला हातही लावत नाही, नुसतं बघतं... आणि समोरच्याचं पाणी पाणी होतं." तो थांबला. "तसे डोळे एका माणसाचे माझ्या ओळखीत आहेत म्हणा."

"माझे? म्हणजे मी जनावर?"

"मी फक्त मूळ सांगितलं. बाकी तुमचं तुम्ही लावून घेतलंत."

"खण लावते हं मी! बोटं काढा."

"बघा... हेच ते डोळे."

तिनं खण लावला, पण हळू. नंतर प्रूफाच्या एका पानात तिला सात चुका दिसल्या नाहीत. हे प्रेमाचं लक्षण आहे की डोळ्यांच्या नंबराचं, हे तिला पुढचे पंधरा दिवस ठरवता आलं नाही.

त्याच खणात मागे फिअर्स होता, त्याच मुळाचा थोरला भाऊ. त्याची गोष्ट मुळ्यानं जिन्यात सांगितली. हाच रानटी शब्द फ्रेंच लोकांकडे गेला आणि तिथे 'मानी' झाला. इंग्रजीतही पूर्वी तो अर्थ होता, मानी, ताठ मानेचा. मग कधीतरी गळून पडला.

"त्याला वाक्य कुठून आणणार?" तिनं विचारलं.

"आणायचं नाही. मेलेला अर्थ आहे. पुढे 'जुना' असं लिहायचं आणि जागा कोरी सोडायची."

"बिच्चारा."

"तुम्ही पहिल्याच, ज्यांना एका अर्थाची दया आली," तो म्हणाला, आणि त्या दिवसापासून तुम्हीचं तू झालं.

नजरेच्या वाक्यासाठी त्यानं जंग जंग पछाडलं. एक दिवस शिपाईकाका कप उचलता उचलता म्हणाले, "आमच्या सासूबाई बोलत नाहीत हो, नुसत्या बघतात. दूध नासतं."

मुळ्या खुर्चीतून उडाला. "काका! सही!"

काकांनी चिठ्ठी लांब धरून वाचली. "हे पुस्तक छापून घरी येणार का?"

"येणार की. प्रत्येकाला एक प्रत."

"मग राहू द्या. म्हातारी अजून खमकी आहे."

मुळ्यानं एक उसासा सोडला, आणि ती चिठ्ठी काकांच्या समोर चार तुकडे करून टोपलीत टाकली. महिनाभर शोधलेलं वाक्य! त्यानं एकदाही गळ घातली नाही. ती दारात उभी राहून बघत होती. खरं सांगायचं तर ती त्याच्या प्रेमात पडली ती तेव्हा. डोळे, हसू, जिन्यातले शब्द हे सगळं होतंच. पण दुसऱ्याचं बोलणं दुसऱ्याचंच असतं हे ज्याला कळतं, त्याच्याजवळ आपण काहीही बोलू शकू, असं तिला वाटलं.

आणि ती बोलली.

बाहेर बारीक, कंटाळवाणा पाऊस लागला होता. मागच्या जिन्याच्या पायरीवर दोघं डबा संपवून बसले होते. त्यानं सहज विचारलं, "तुझे बाबा कसे होते गं?" घरात बाबांचा फोटो होता आणि विचारणाऱ्याला सांगायचं एक वाक्य होतं: फार शांत माणूस. आई तेच सांगायची, तीही तेच सांगत आली होती. त्या दुपारी मात्र ते वाक्य तिला म्हणवेना.

"आवाज कधी चढला नाही त्यांचा," ती म्हणाली. "ते कधी हात उगारायचे नाहीत, नुसते बघायचे, आणि आई भरलं ताट सोडून उठायची." मग तिला रडू फुटलं. पंचवीस वर्षांत हे ती कोणाला बोलली नव्हती. आईलाही नाही.

त्यानं तिचा हात हातात घेतला. मग अगदी हळू म्हणाला, "कसं बघायचे? नीट सांग."

तिला वाटलं, किती मायेनं विचारतोय.

पुढच्या सोमवारी दोनदा टकटक झाली. तिनं उत्तर दिलं, खण ओढला, तर त्यात एक हिरवी चिठ्ठी. शब्द: होम. वाक्य: "येत्या रविवारी आईंना भेटायला तुमच्या घरी येऊ का?" खाली उजव्या कोपऱ्यात बोलणाऱ्याची सही. तिनं खालच्या रिकाम्या जागेत 'ऐकणारीची सही' असं लिहून आपली सही ठोकली आणि खण परत सरकवला. पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला. बहुधा तोच.

ते चार दिवस तिचा जमिनीवर पाय ठरत नव्हता. आईला तिनं सांगितलं, तेव्हा आईनं चष्म्यावरून बघत एवढंच विचारलं, "ऐकतो का तुझं?"

"आई, ऐकणं हेच तर त्याचं काम आहे!"

शुक्रवारी दुपारी एफच्या पानांचं शेवटचं प्रूफ तिच्या टेबलावर आलं. सोमवारी ते छपाईला जायचं होतं. ती ओळीवर पट्टी ठेवून वाचत होती, एकेक शब्द, एकेक स्वल्पविराम. फेरोशस. रानटी नजरेचा, ज्याच्या नुसत्या पाहण्यानं धाक बसावा असा. आणि पुढे तिरक्या अक्षरात:

ते कधी हात उगारायचे नाहीत, नुसते बघायचे, आणि आई भरलं ताट सोडून उठायची.

तिनं पट्टी उचलली, परत ठेवली. वाक्य तिथेच होतं. चूक एकही नव्हती. मधला तो स्वल्पविरामसुद्धा बरोबर तिथेच पडला होता, जिथे ती जिन्यावर श्वास घ्यायला थांबली होती.

टकटक वगैरे काही नाही. तिनं खण असा ओढला की तो बाहेर येऊन तिच्या पायावर आदळला. पुढच्याच चिठ्ठीवर त्याचं सुबक अक्षर, त्या पावसाची तारीख, आणि सहीच्या कोपऱ्यात दोन शब्द: घरचं माणूस.

"हे काय आहे?"

चौकोनात त्याचा चेहरा आला. आधी आनंदानं, मग गोंधळून. "मी रविवारी सांगणार होतो. संपादक सरांनी बैठकीत सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, माहितीये? म्हणाले, अख्ख्या खंडातलं सगळ्यात..."

"सगळ्यांसमोर?"

"तुझं नाव कुठेय त्यात? कोणाला कळणार आहे?"

"आईला कळेल! दर शुक्रवारी माझी प्रूफं ती वाचते, भिंग घेऊन. तुला माहितीये हे. काकांची चिठ्ठी फाडलीस ना? त्यांच्या सासूसाठी फाडलीस. माझी सही कुठेय?"

"काका परके गं," तो म्हणाला, आणि त्याला खरंच तसं वाटत होतं, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. "तू माझी आहेस. आपल्या माणसाची काय सही घ्यायची? मला वाटलं... तू एवढं सोसलंस, ते वाया जाऊ नये. शब्दाला लागू पडतंय म्हणून..."

"माझं रडणं लागू पडलं."

"असं नको ना बोलू."

"खोड ते. तुझ्या सहीशिवाय मला प्रूफात शब्द बदलता येत नाही. खोड आणि सही कर."

तो गप्प राहिला. फार नाही, दोन-तीन श्वास. पण त्या दोन-तीन श्वासांत तो ते वाक्य तोलत होता, आणि दुसऱ्या पारड्यात ती होती.

"सोमवार सकाळपर्यंत वेळ आहे," तो म्हणाला. "रविवारी येतोच आहे. शांतपणे बोलू."

"रविवारी येऊ नकोस," ती म्हणाली, आणि प्रूफ पिशवीत कोंबून निघाली.

आईपासून ते लपवायचं तिनं ठरवलं होतं. पण घरी येऊन ती तोंड धुवायला गेली, आणि आईनं दर शुक्रवारच्या सवयीनं पिशवीतून कागद काढून घेतले. ती बाहेर आली तेव्हा आई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. भिंग एकाच जागी थांबलं होतं.

ती खांबासारखी उभी राहिली. आता आई म्हणणार, तुझ्या बाबांबद्दल असलं बोलवतं कसं तुला. आता आई उठून आत जाणार. आता आई रडणार.

"हे कोण बोललं?" आईनं विचारलं.

"...मी."

"चूक आहे."

"आई, मला आठवतंय. खोटं का बोलू? ताट भरलेलं असायचं."

"ते तुझं ताट," आई म्हणाली. "भरलं ताट सोडून तू उठायचीस. सहा वर्षांची होतीस. तिकडे खोलीत जाऊन पांघरुणात शिरायचीस. मी नाही उठले. एकदासुद्धा नाही." तिनं भिंग खाली ठेवलं. "ते बघत राहायचे, आणि मी त्यांच्याकडे बघत ताट संपवायचे. मग तुझंही संपवायचे. घास उतरायचा नाही, तरी उतरवायचे. एक दिवस तेच उठले. त्यानंतर आपण दोघी एकत्र जेवायला लागलो, ते नाही का आठवत?"

तिला ते आठवत होतं. त्याच्या आधीचं नव्हतं. बाबांचे डोळे तिनं जन्मभर लक्षात ठेवले होते. आईची नजर तिनं पाहिलीच नव्हती, कारण ती पांघरुणात होती.

"तू कधी बोलली का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस. आणि काय सांगायचं? माणूस गेला. फोटोला हार घातला, शांत होते म्हटलं. खोटं नाही ते, शांतच होते." आईनं कागद तिच्यापुढे सरकवला. "पण हे दुरुस्त कर. मी ताट सोडून उठायचे असं छापून येऊ देणार नाही मी."

मग दोघी रडल्या. अगदी पोटभर रडल्या, आणि नंतर जेवल्याही पोटभर. तिनं आईचं बोलणं हिरव्या चिठ्ठीवर उतरवून आणलं, तेव्हा आईनं चष्मा पुसून ती आधी पूर्ण वाचली, एक वेलांटी सुधारली, आणि खाली उजव्या कोपऱ्यात सावकाश आपली सही केली.

"त्या मुलाचं काय?" आईनं विचारलं.

"सोमवारी बघते."

खरं म्हणजे तिला त्याला माफ करायचं होतं. शनिवार, रविवार तिनं मनातल्या मनात त्याची वकिली करण्यातच घालवले. माणूस वाईट नाही. कामात बुडालेला आहे. चूक कोणाकडून होत नाही? त्यानं दारात उभं राहून नुसतं 'चुकलो' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

सोमवारी सकाळी तो तिच्या टेबलापाशी येऊन उभा होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. "खोडलंय मी," तो म्हणाला. "शनिवारीच सरांना सांगितलं. ही बघ सही."

त्यानं पुढे केलेल्या सरांच्या प्रतीत त्या वाक्यावर तांबडी रेघ होती, बाजूला त्याची सही. तिच्या छातीवरचं ओझं इतकं झरकन उतरलं, की तिला वाटलं आता इथेच, सगळ्यांसमोर याच्या गळ्यात पडावं. त्याऐवजी तिनं पर्समधून हिरवी चिठ्ठी काढून त्याच्या हातात दिली.

"आईनं वाचलं," ती म्हणाली. "सगळं वाचलं तिनं. हे तिचं आहे. फिअर्सच्या त्या जुन्या, 'मानी' अर्थासाठी. सही आहे."

त्यानं चिठ्ठी वाचली, आणि त्याचा चेहरा उजळला. तांबारलेले डोळे लख्ख झाले. तो पुन्हा वाचू लागला, ओठ हलवत. "हे तर... अगं, हे त्याच्याहून कितीतरी... मेलेला म्हणून सोडलेला अर्थ, आणि हा जिवंत! 'त्यांच्याकडे बघत ताट संपवायचे.' बघ ना, दोन्ही नजरा एका वाक्यात! सरांना आत्ताच..." तो दारापर्यंत गेला. तिथे थांबला. वळला. "आई... बऱ्या आहेत ना?"

ती त्याच्याकडे बघत होती.

"वाक्य आधी," ती म्हणाली. "मग आई."

त्याचा चेहरा पडला. हुशार माणूस होता, लगेच कळलं त्याला. चिठ्ठी धरलेला हात खाली आला. "चुकलो," तो म्हणाला. "खरंच चुकलो. पुन्हा नाही होणार गं."

"होईल. मी रडले की तुझा हात खिशातल्या चिठ्ठीकडे जाईल. तू आवरशील, मला माहितीये. पण जातोय का, हे मी बघत बसेन. जेवताना, बोलताना, भांडताना... जन्मभर तुझ्या हाताकडे बघत बसेन." तिचा आवाज फुटला, तरी तिनं वाक्य पुरं केलं. "घरात असं सारखं बघत बसणारं माणूस असलं की काय होतं, ते मी पाहिलंय. मला तसं व्हायचं नाही."

"माझं प्रेम आहे तुझ्यावर."

"माहितीये. माझंही आहे." हे तिनं पहिल्यांदाच तोंडानं म्हटलं, आणि अशा वेळी म्हटलं. "चिठ्ठी सरांना दे. आईनं कोशासाठीच दिली आहे."

तो उभाच राहिला. मग गेला. शिपाईकाका चहा घेऊन आले आणि एकाऐवजी दोन कप ठेवून गेले.

दुपारी 'जी' या अक्षराची प्रूफं आली. ती पट्टी ठेवून वाचायला बसली, आणि ओळी सारख्या पाण्यात जात राहिल्या.

चारच्या सुमाराला पलीकडून दोनदा टकटक झाली. एफच्याच खणावर. कामासाठी असतील, किंवा नसतीलही. तिनं बराच वेळ उत्तर दिलं नाही. पलीकडचा हातही थांबून राहिला. त्यानं पुन्हा टकटक केली नाही, खण ओढलाही नाही, नियमाप्रमाणे वाट पाहत राहिला. एवढं त्याला आता कळलं होतं. त्या पावसाच्या दुपारी कळलं असतं तर, असं तिला वाटलं, आणि ती हमसून रडली, कोणी ऐकू नये म्हणून पदराचा बोळा तोंडात धरून.

मग तिनं डोळे पुसले, उठून कपाटापाशी गेली आणि एकदा टकटक केली.

खण हळूहळू त्याच्या बाजूला सरकू लागला. तिचा हात खणाच्या काठावर होता. शेवटचं बोटभर लाकूड राहिलं, तेव्हा तिनं हात काढून घेतला.